पाळणाघर सोडताना

(संस्थेच्या महिला व विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिव साहेबांनी मला बोलण्याविषयी विचारले तेव्हा 'बँकेच्या योजना आणि महिला' असा विषय त्यांच्या मनात होता. त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि खरे सांगायचे तर ती माहिती आमच्या शाखेच्या फलकावर लावलेलीच असते. मी म्हटले, मला पाळणाघरावर बोलू द्या. ते म्हणाले, "म्हणजे पाळणाघर सुरू कसे करावे?" मी म्हटले, "नाही, पाळणाघर सोडावे कसे." त्यावर ते हसले. आपणही आता हसलात. सोडायला काय लागते, उद्यापासून मूल पाठवायचे नाही, झाले! मलाही एके काळी असेच वाटत होते. मी ते कसे केले आणि त्याचे काय झाले, तेवढेच आज सांगणार आहे.

माझी मुलगी २०१० साली झाली. सहा महिन्यांची रजा संपली तेव्हा घरात तिला सांभाळणारे कोणी नव्हते. माझी आई आजारी होती. सासूबाई भंडारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. आमच्या ह्यांची नोकरी आणि माझी नोकरी, दोन्ही सकाळी सुरू होणाऱ्या. आम्ही बँकेच्या वाटेवरचे एक पाळणाघर पाहिले. भिंतीवर ससे-हत्ती रंगवलेले होते, पावतीपुस्तक छापील होते. दहाव्या दिवशी मी दुपारी न कळवता गेले, तर लेकरू ओल्या कपड्यांत झोळीत पडलेले, अंगावर पुरळ उठलेले, आणि बाई टीव्हीसमोर. मी मुलीला उचलले आणि त्याच पावली घरी आले. आगाऊ भरलेले पैसे गेले. नोटीस दिली नाही, निरोप घेतला नाही, आणि त्याचा मला आजपर्यंत एक क्षणही पश्चात्ताप झालेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्याचा अर्थ कोणी असा घेऊ नये की सौजन्यापोटी लेकराला नको त्या ठिकाणी महिनाभर ठेवावे. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला मारहाण झाली, ती कॅमेऱ्यात दिसली आणि सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिली. तसा संशय जरी आला, तरी मूल त्याच दिवशी काढावे, डॉक्टरांना दाखवावे, पोलिसांत जावे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक पाठ असू द्यावा. तिथे नोटिशीचा प्रश्नच येत नाही.

पण माझी गोष्ट दुसऱ्या पाळणाघराची आहे. आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून एक मावशी राहतात. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. दोन खोल्यांचे घर, यजमान ऑटो चालवतात. पाटी नाही, पावती नाही. पाच मुले सांभाळायच्या. मुलगी सात महिन्यांची असताना त्यांच्याकडे गेली आणि पावणेचार वर्षांची होईपर्यंत राहिली. मुगाची खिचडी बोटांनी कुस्करून भरवायच्या. ताप आला तर बँकेत फोन करायच्या, पण "लवकर या" असे न म्हणता "घाबरू नका, पट्ट्या ठेवल्या" असे म्हणायच्या. मुलीचे पहिले पाऊल मी पाहिले नाही. ते मावशीच्या मोरीच्या उंबऱ्यापाशी पडले. संध्याकाळी मी आले तेव्हा त्या म्हणाल्या, "आज उभी राहाते वाटते ताई, घरी जाऊन बघा." पुढे दोन वर्षांनी मला कळले की मुलगी त्या दिवशी चालली होती, नुसती उभी राहिली नव्हती. पहिले पाऊल आईलाच दिसावे म्हणून त्या बोलल्या नाहीत.

महिन्याचे दीड हजार रुपये घेत. पाच मुलांचे साडेसात हजार. त्यातून गॅस, दूध, साबण. आपण हिशेब करून पाहा. पाचातून एक मूल गेले म्हणजे शेकडा वीस टक्के उत्पन्न गेले, तेही एका दिवसात. आमच्या पगारातून एका दिवसाचे पैसे कापले तर युनियनचा फलक लागतो. मावशीची युनियन नाही.

फेब्रुवारी २०१४ अखेर सासूबाई निवृत्त झाल्या आणि मार्चमध्ये आमच्याकडे राहायला आल्या. त्या म्हणाल्या, घरचे माणूस असताना परक्याकडे लेकरू कशाला? बोलणे योग्यच होते. आजीलाही नातीचा सहवास हवा होता, आमचेही दीड हजार वाचत होते. मुलगी एप्रिलपासून घरी राहील असे मार्चच्या पहिल्या आठवड्यातच ठरले. मावशीला सांगायचे राहिले. बँकेतली माणसे जाणतात, मार्चअखेर म्हणजे काय असते. रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत शाखा सुरू. पण हे कारण झाले, खरे कारण ते नव्हे. मला सांगायची लाज वाटत होती. पैशासाठी काढले असे त्यांना वाटेल, आणि ते थोडेसे खरेही होते. आज सांगू, उद्या सांगू करता करता ३१ मार्च उजाडला. त्या संध्याकाळी आमचे हे मुलीला घेऊन आले, त्यांना वाटले मी सांगितले असेल, मला वाटले ते सांगतील. १ एप्रिलला सकाळी मी फोन केला. म्हटले, "मावशी, आजपासून ती येणार नाही. आजी आल्या आहेत."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग मावशी म्हणाल्या, "ताई, हे फोनवर काहून सांगता? काल सांगतलं असतं त पोरीले आवडते ते केलं असतं."

दुसरे काहीही त्या बोलल्या नाहीत. आमच्या ह्यांनी पंधरा दिवसांचे पैसे पाकिटात घालून नेले, ते त्यांनी घेतले नाहीत. संध्याकाळी त्यांचा मुलगा एक पिशवी घेऊन आला. मुलीची वाटी, चमचा, दोन फ्रॉक, सतरंजी, सगळे धुऊन, घडी करून. आणि एक वस्तू आमची नव्हती. मावशीच्या जुन्या पातळाचा हातभर तुकडा. तो गालाशी धरल्याशिवाय मुलगी दुपारी झोपत नसे, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. दुपारी ती आमच्यासमोर कधी झोपलीच नव्हती.

मुलीला आम्ही सांगितले, मावशी गावाला गेल्या. सगळेच आईबाप असे काहीतरी सांगतात. आठ-दहा दिवस तिने रोज विचारले, "आली का?" नंतर विचारणे बंद झाले. आम्हाला वाटले विसरली. मुले लवकर विसरतात. आम्ही मावशीच्या गल्लीतून जाणेही टाळत होतो, पाहिले की तिला आठवण येईल म्हणून. मे महिन्यात एका संध्याकाळी कमाल चौकाच्या बाजारात मावशी समोरून आल्या, कडेवर दुसऱ्याचे लेकरू. मला वाटले मुलगी धावत जाईल. ती गेली नाही. माझ्या साडीमागे लपली. आणि रात्री, दिवा मालवल्यावर, आजीला विचारले, "मी चड्डीत शू केली होती म्हणून मावशीनं मला काढलं का?"

दोन महिने ते लेकरू हा विचार मनात घेऊन वावरत होते. आम्ही मावशीला काही सांगितले नाही, मुलीला खोटे सांगितले, आणि उरलेली जागा तिने आपल्याच बुद्धीने भरून काढली. लहान मूल दोष आधी स्वतःकडे घेते.

जॉन बोल्बी नावाचे एक इंग्रज मनोविकारतज्ज्ञ होऊन गेले. मूल आणि त्याला सांभाळणारे माणूस यांच्यातील बंधाविषयी त्यांचे काम जगभर मानले जाते. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी या विषयावर अहवाल लिहिला. त्यांचे घर संपन्न होते, आई दिवसातून थोडाच वेळ भेटे आणि लहानपणी मिनी नावाची एक दाई त्यांना सांभाळत असे. ते चार वर्षांचे होण्याच्या सुमारास ती काम सोडून गेली. आई गेल्यासारखेच ते दुःख होते, असे ते म्हातारपणीही सांगत. त्यांचेच सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली दोन वर्षांची एक मुलगी आठ दिवस रुग्णालयात एकटी राहते त्याचा चित्रपट केला. मूल आधी रडून विरोध करते, मग खिन्न होते, आणि नंतर शांत होते. ही शांतता पाहून मोठी माणसे म्हणतात, रुळले बुवा! रॉबर्टसन यांचे सांगणे असे की ते रुळलेले नसते, त्याने आशा सोडलेली असते. हे मी पुष्कळ नंतर वाचले. बाजारात माझ्या साडीमागे लपलेली मुलगी मला तेव्हा कळली.

आता मावशीच्या बाजूचे. जुलै महिन्यात त्या आमच्या शाखेत आल्या, माझ्याच काउंटरवर. ग्राहकाच्या खात्याविषयी बाहेर बोलायचे नसते, पण हे त्यांना विचारून सांगते आहे. त्यांची पाचशे रुपयांची आवर्ती ठेव होती, ती मुदतीआधी मोडायची होती. अर्जात कारणाचा रकाना असतो. त्यांनी सावकाश अक्षर जोडून लिहिले, 'घरगुती अडचण'. एप्रिलमध्ये आमची मुलगी गेली, मे महिन्यात आणखी एक मूल गेले, आणि नवे लेकरू जूनपर्यंत मिळाले नव्हते, कारण लोक पाळणाघर बहुधा शाळा सुरू होण्याच्या सुमारास शोधतात. हप्ते तटले. मी व्याज मोजले, दंड वजा केला, सही घेतली, रक्कम दिली. पावती देताना त्या म्हणाल्या, "पोरगी बरी हाय ना?"

भगिनींनो, साधे बचत खाते बंद करायचे असले तरी आम्ही लेखी अर्ज घेतो. सही जुळवून पाहतो, उरलेले कोरे धनादेश परत घेतो, त्या दिवसापर्यंतचे व्याज मोजून देतो. खात्यात दोनशे रुपये असले तरी! आणि तीन वर्षे आपले लेकरू ज्या बाईच्या मांडीवर वाढले तिचे खाते मी एका फोनवर बंद केले होते, एका मिनिटात.

त्याच रविवारी आम्ही मुलीला घेऊन मावशीकडे गेलो. ती दारातच थांबली. मावशीने तिला ओढून घेतले नाही, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तुले मी नाही काढलं माय. तुही आजी आली, तू मोठी झाली, म्हणून घरी राहाते आता. तू शू केली त मी कधी रागावली का?" मुलगी काही बोलली नाही. थोड्या वेळाने आत जाऊन आपल्या नेहमीच्या जागी, गव्हाच्या कोठीजवळ, बसली आणि म्हणाली, "मला पाणी दे." त्या रात्री ती अंथरूण ओले न करता झोपली. एप्रिलपासून ते सुरू झाले होते, आणि आम्ही त्यासाठी दोन डॉक्टर केले होते.

मला कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचे किती करता! म्हणून थोडे मागे जाऊन सांगते. विद्यार्थ्यांनी हे विशेष ऐकावे. आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. आपल्या किती घरांतील आजी-पणजी गिरणीत, बिडीच्या कामावर, कोळशाच्या वखारीत राबल्या ते आपण जाणतो. त्यांची तान्ही लेकरे कुठे असत? मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका लेकराला अफूची बाळगोळी देऊन निजवीत आणि कामावर जात, याच्या नोंदी १९२० च्या दशकातील सरकारी अहवालांत आहेत. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलावा आणि त्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही त्यातून सुटू नये, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९४२ च्या जुलैमध्ये याच नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या. गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या स्त्रियांना रजा, अपघाताची भरपाई आणि पेन्शन मिळावे असा ठराव तिथे झाला. पुष्कळशा निरक्षर असलेल्या बायांनी तो केला, हे ध्यानात घ्यावे.

पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचे झाले; १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३० वर आली. २०१७ मध्ये प्रसूतिलाभ कायदा दुरुस्त होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करण्यास सांगितले गेले, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. २०२२ पासून केंद्राच्या मिशन शक्तीत 'पालना' या नावाने अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची योजना आहे. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत ते आहे का, हे विचारून पाहायला हरकत नाही. पण आमच्या शाखेत आम्ही सगळे मिळून चौदा. घरी बसून काम करणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर हा आकडा लागूच होत नाही. म्हणजे कायद्याच्या आकड्याखाली जे जे उरते, ते सगळे तीन गल्ल्या पलीकडच्या एखाद्या मावशीच्या मांडीवर येऊन पडते.

आणि ती मावशी कोण असते? आमच्या मावशी पाचवीत शाळेतून निघाल्या, पाठच्या दोन भावंडांना सांभाळायला. ठाणे जिल्ह्यात, आता तो भाग पालघर जिल्ह्यात आहे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. मोठ्या मुली शाळेत येत नाहीत कारण त्यांच्या कडेवर भावंड असते, हे त्यांच्या लक्षात आले. तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात जोडली, तीच त्यांची विकासवाडी. धाकटे पाळणाघरात, थोरली वर्गात. आमच्या मावशीच्या गावात असे कोणी नव्हते. भावंडे सांभाळता सांभाळता जे शिकल्या त्यावरच पुढे त्यांनी आपल्या दोन मुलांना शिकवले, आणि माझी नोकरी टिकली तीही त्याच्यावरच.

आता, सोडायचे कसे? मी काही तज्ज्ञ नाही. माझे चुकले तिथून जे दिसते ते सांगते. ठरले की त्याच आठवड्यात सांगावे, घरी जाऊन, बसून. एक महिना आधी, नाहीतर महिन्याचे पैसे. आणि हे मूल ठेवण्याच्या दिवशीच बोलून घ्यावे, म्हणजे नंतर जीभ अडखळत नाही. मुलाला आठवडाभर आधी सांगावे. त्याहून फार आधी सांगितले तर लहान मुलाला दिवसांचा अंदाज येत नाही, ते रोज सकाळी घाबरते. कारण खरे सांगावे आणि 'तुझे काही चुकले नाही' हे शब्द तोंडाने उच्चारावेत, मूल विचारो वा न विचारो. शेवटच्या दिवशी निरोप होऊ द्यावा. रडू येईल. येऊ द्यावे, त्याला काही होत नाही. आणि पुढे दोन-चार वेळा भेटायला न्यावे, म्हणजे मावशी आहेत, नाहीशा झालेल्या नाहीत, हे त्याला डोळ्यांनी दिसते.

दुसरी बाजूही आहे. समोरच्या ताई मघापासून मान हलवत आहेत, त्यांच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. मावशीही एकाएकी पाळणाघर बंद करतात, आणि सोमवारी सकाळी आपण डबा हातात घेऊन रस्त्यावर! असे होते. म्हणून महिन्याचा करार दोन्हीकडून असावा. आमच्या मावशीच्या लेकीचे बाळंतपण होते तेव्हा त्यांनी पंधरा दिवस बंद ठेवले, पण महिनाभर आधी प्रत्येक घरी जाऊन सांगून आल्या होत्या. त्यांना ते कोणी शिकवले नव्हते. मी बी.ए. झालेली, मला ते शिकावे लागले.

एक गोष्ट सासूबाईंची. त्या रात्री नातीचा प्रश्न ऐकल्यापासून त्या अस्वस्थ होत्या. पस्तीस वर्षे वर्गात मुले पाहिलेली बाई, पण 'परक्याकडे' हा शब्द आपण वापरला याचे त्यांना वाईट वाटले. पुढे दोघींची मैत्री झाली. दिवाळीला सासूबाई फराळाचा डबा घेऊन मावशीकडे जात, आणि मावशी कागदपत्र वाचून घ्यायला आमच्याकडे येत. मोडलेल्या ठेवीऐवजी नवी ठेव २०१५ मध्ये उघडली, त्या अर्जावर ओळखीची सही माझी आहे.

मुलगी आता महाविद्यालयात जाण्याच्या वयाची झाली. पातळाचा तो तुकडा तिच्या कपाटात आहे, मी विचारत नाही. मावशी थकल्या, आता तीनच लेकरे घेतात. त्यांतल्या एकाच्या वडिलांची मे महिन्यात पुण्याला बदली व्हायची आहे. त्यांनी ते मार्चमध्येच येऊन सांगितले. गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा मावशी त्या पोराला मांडीवर घेऊन पुण्याची गाडी कशी मोठी असते, तिला किती डबे असतात, हे सांगत होत्या. पोरगा विचारत होता, "तू येशील?" मावशी म्हणाल्या, "मी नाही येत. मी इथेच राहाते. तू आला की मले भेटजो."

जयभीम.